एका वास्तूचीं धर्मांतरें

माणसानें धर्म बदलला म्हणजे चार घरीं त्याची चर्चा होते. वास्तूनें बदलला तर इतिहासाच्या पुस्तकांत तिला एकच ओळ मिळते, आणि त्या ओळींतला कर्ता बहुधा कोणी तरी विजयी राजा असतो. १२३६ सालीं कॉर्दोबा पडलें आणि तेथील मोठ्या मशिदीचें चर्च झालें. १४५३ सालीं कॉन्स्टंटिनोपल पडलें आणि हागिया सोफियाची मशीद झाली. अशा ओळी आपण विद्यार्थिदशेपासून वाचीत आलों असल्यामुळें धर्मस्थानाचें धर्मांतर म्हटलें कीं तलवार डोळ्यांपुढें उभी राहते. आज आम्ही वाचकांस ज्या वास्तूची हकीकत सांगणार आहों, तिनें फ्रेंच प्रॉटेस्टंट, मिशनरी, मेथॉडिस्ट, यहुदी आणि मुसलमान अशा पांच मंडळ्यांस आश्रय दिला. परंतु तिच्या एकाहि धर्मांतरांत तलवार नाहीं. भाडेपट्टे आहेत, खरेदीखतें आहेत, आणि शेजारच्या घरांच्या दारांवरचीं बदलत गेलेलीं नांवें आहेत.

ही वास्तु लंडन शहराच्या पूर्व भागांत, स्पिटलफील्ड्स नांवाच्या वस्तींत आहे. ब्रिक लेन हा तेथील जुना रस्ता. एके काळीं त्या बाजूस विटांच्या भट्ट्या होत्या, त्यावरून त्याला हें नांव पडलें. ह्या रस्त्याला फूर्निए स्ट्रीट जेथें मिळतो त्या कोपऱ्यावर ती उभी आहे. विटांची, चौकोनी, उंच खिडक्यांची. शिखर नाहीं, दारावर मूर्ति नाहीं. फूर्निए स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकास हॉक्समूर ह्या प्रसिद्ध स्थापत्यकारानें १७१४ ते १७२९ ह्या काळांत बांधलेलें क्राइस्ट चर्च आहे. तें राजमान्य पंथाचें. त्याचा पांढरा दगडी मनोरा दुरून दिसतो. त्याच्यापुढें आमची ही वास्तु एखाद्या नीटनेटक्या वखारीसारखी वाटते. मात्र तिच्या भिंतीवर उंच एक छायायंत्र बसविलेलें आहे. त्यावर १७४३ हें साल असून ‘आपण छाया आहों’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द कोरलेले आहेत.

ज्यांनीं हे शब्द कोरविले ते लोक मूळचे इंग्लंडचे नव्हेत. फ्रान्सचा राजा चवथा हेन्री ह्यानें १५९८ सालीं नांत येथें आज्ञापत्र काढून आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेस, म्हणजे ह्यूगेनो लोकांस, उपासनेचें स्वातंत्र्य दिलें होतें. त्याचा नातू चवदावा लुई ह्यानें १६८५ सालीं तें आज्ञापत्र रद्द केलें. त्यांचीं प्रार्थनामंदिरें पाडण्यांत आलीं, पाळकांस हद्दपार करण्यांत आलें, आणि सामान्य जनांस मात्र देश सोडून जाण्याची बंदी झाली. म्हणजे धर्म पाळूं द्यायचा नाहीं आणि जाऊंहि द्यायचें नाहीं. तरीहि सुमारें दोन लक्ष माणसें निसटलीं. त्यांपैकीं अदमासें पन्नास हजार इंग्लंडांत आलीं. इंग्रजी भाषेंतला ‘रेफ्युजी’ हा शब्द ह्याच लोकांमुळें रूढ झाला.

ह्यांतले पुष्कळसे रेशमी कापड विणणारे होते. लंडनच्या तटाबाहेर, जेथें शहरांतील कारागिरांच्या संघांचे निर्बंध सैल होते, तेथें स्पिटलफील्ड्समध्यें त्यांनीं आपले माग मांडले. त्यांच्या घरांच्या माळ्यांस असलेल्या रुंद खिडक्या आजहि दिसतात; बारीक रेशमाच्या कामास भरपूर उजेड लागे म्हणून त्या तशा ठेविलेल्या. ह्या वस्तीचा आपल्या देशाशीं एक जुना संबंध आहे, आणि तो फारसा गोड नाहीं. हिंदुस्थानांतून ईस्ट इंडिया कंपनी जें छापील सुती कापड नेई, त्यानें लंडनच्या बायकांस वेड लाविलें होतें. १६९७ सालीं विणकरांचा जमाव कंपनीच्या कचेरीवर चालून गेला. १७१९ सालीं तर हें कापड अंगावर दिसलें कीं भर रस्त्यांत तें फाडण्यापर्यंत मजल गेली. १७०० आणि १७२१ ह्या सालांच्या कायद्यांनीं अखेर त्या कापडाच्या वापरावर बंदी आली. हिंदी विणकराच्या पोटावर पुढें जो पाय पडला त्याची पहिली चाहूल इकडे अशी लागली, आणि ती देणारे लोक स्वतःच पोटासाठीं धडपडत होते. निर्वासित मनुष्य नेहमींच दुसऱ्याच्या दुःखाविषयीं कोमल असतो अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं.

१७४३ सालीं, देश सोडल्यास दोन पिढ्या लोटल्यावर, ह्या लोकांनीं आपलें ‘ला नव्ह एग्लीझ’, म्हणजे ‘नवें चर्च’, बांधलें. थ्रेडनीडल स्ट्रीटवरील जुन्या फ्रेंच चर्चची ही शाखा. काल्व्हिनच्या शिकवणुकीप्रमाणें आंत ना चित्र होतें, ना पुतळा. पाळकानें उभें राहण्याचें उंच व्यासपीठ, खालीं बांकें, तीन बाजूंनीं सज्जे, आणि भरपूर उजेड. येथें पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. ऐकण्यासारखें होतें, आणि तेंहि फ्रेंचमधून. वाचकांनीं ही रचना ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथा ह्या रिकाम्या, उजेडाच्या दिवाणखान्यामुळें शक्य झाली. ज्या मंदिरांत मूर्ति नाहीं तेथून मूर्ति हलवावी लागत नाहीं.

मग हे लोक गेले कोठें? त्यांना कोणीं हांकून दिलें नाहीं. मालकवर्गाजवळ पैसा झाला, त्यानें चांगल्या वस्तींत घरें केलीं, मुलांस इंग्रजी शाळांत घातलें. तीं मुलें इंग्रजीतून विचार करूं लागलीं आणि इंग्रजी चर्चमध्यें जाऊं लागलीं. कामगारवर्ग मागें राहिला व त्याची स्थिति वाईट होत गेली. मजुरीच्या दराच्या तंट्यांत मागांवरचें रेशीम कापण्याचे प्रकार झाले; १७६९ च्या डिसेंबरांत त्यापायीं दोघां विणकरांस बेथनल ग्रीन येथें भर चौकांत फाशीं देण्यांत आलें. १७७३ च्या कायद्यानें दर ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांस मिळून थोडी शांतता झाली, पण फ्रेंच भाषा कांहीं त्यानें परत आली नाहीं. फ्रान्सच्या राजाच्या शिपायांस जें मोडतां आलें नाहीं तें लंडनच्या सुखवस्तु जीवनांत दोनतीन पिढ्यांत आपोआप विरघळलें. १८०९ सालीं ह्या चर्चमध्यें फ्रेंच प्रार्थना थांबून तें दुसऱ्यांच्या हातीं गेलें.

हे दुसरे कोण, हें सांगतांना इतिहासाच्या विनोदबुद्धीचें कौतुक वाटतें. त्याच सालीं ‘यहुद्यांमध्यें ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारी लंडन सोसायटी’ स्थापन झाली होती आणि तिला व्याख्यानांसाठीं मोठी जागा हवी होती. तिनें ही वास्तु घेऊन तिला ‘ज्यूज चॅपल’ असें नांव दिलें. येथला मुख्य उपदेशक जोसेफ फ्रे हा स्वतः जर्मनींत जन्मलेला, यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेला. तो लंडनांत आला होता आफ्रिकेंत मिशनरी होऊन जाण्यासाठीं. राहिला लंडनच्या यहुद्यांस बाटविण्यासाठीं. श्रम पुष्कळ झाले, फळ थोडें मिळालें. १८१६ सालीं फ्रे अमेरिकेस निघून गेला आणि सोसायटीनें बेथनल ग्रीनकडे आपलें नवें ठाणें केलें. दहा वर्षांत हा अध्याय आटोपला. ज्या चार भिंतींत यहुद्यांना यहुदी धर्म सोडा म्हणून सांगितलें गेलें, त्याच भिंतींत पुढें लंडनमधले सर्वांत कडवे यहुदी येऊन बसणार होते. परंतु त्यास अद्याप ऐशीं वर्षें अवकाश होता.

महाराष्ट्रांतहि मिशनऱ्यांच्या अशाच श्रमाची एक आठवण आहे. मुंबईस अमेरिकन मिशननें आणि पुढें डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांत, म्हणजे ज्यांना आपण ‘शनवार तेली’ म्हणत असूं त्यांच्यांत, शाळा काढल्या. तेथें हिब्रू भाषाहि शिकविली गेली. त्या शाळांतून ख्रिस्ती फारच थोडे झाले; उलट आपले धर्मग्रंथ वाचतां येऊं लागल्यामुळें बेने इस्राएल अधिक पक्के यहुदी झाले. दिवा एकानें लावावा आणि त्याच्या उजेडांत दुसऱ्यानें आपली वाट शोधावी, अशांतला हा प्रकार.

१८१९ सालीं स्पिटलफील्ड्सची ही वास्तु वेस्लीपंथी मेथॉडिस्टांकडे आली. ह्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली १७९१ सालींच वारला होता, तेव्हां ह्या घराशीं त्याचा स्वतःचा संबंध आला नाहीं. पण फ्रेंचांनीं सोडलेलीं चर्चें वापरण्याची वाट त्यानेंच घालून दिली होती. १७४३ सालीं, म्हणजे इकडे हें चर्च उभें राहत असतांनाच, त्यानें लंडनच्या वेस्ट स्ट्रीटवरील एक ह्यूगेनो चॅपल भाड्यानें घेतलें. १७५५ च्या ऑगस्टांत स्पिटलफील्ड्समधल्याच एका फ्रेंच चर्चमध्यें त्यानें सुमारें अठराशें अनुयायांस उभें करून देवाशीं करार नव्यानें करविला. मेथॉडिस्टांत प्रतिवर्षीं होणाऱ्या एका गंभीर उपासनेचा उगम तो समजतात.

ब्रिक लेनच्या ह्या घराविषयीं लिहिणारे लोक मेथॉडिस्टांपाशीं आले कीं घाई करतात. त्यांना अलीकडच्या टोकाचें यहुदी आणि मुसलमान ह्यांचें रंगीत चित्र खुणावीत असतें. आम्हांस हें अन्यायाचें वाटतें. फ्रेंच येथें सहासष्ट वर्षें राहिले, मेथॉडिस्ट जवळजवळ अठ्ठ्याहत्तर. आणि त्यांचा काळ हा वस्तीच्या सर्वांत कठीण दिवसांचा काळ होता. मजुरीचे दर बांधून देणारा कायदा १८२४ सालीं उठला. परदेशी रेशमावरील बंदी १८२६ सालीं उठली. १८६० सालीं फ्रान्सशीं व्यापारी तह होऊन फ्रेंच रेशमावरची जकातहि गेली, आणि त्याबरोबर स्पिटलफील्ड्सचा रेशमाचा धंदा जवळजवळ संपला. ज्या माळ्यांवर माग चालत तेथें एकेका खोलींत एकेक कुटुंब राहूं लागलें. अशा वेळीं रविवारची शाळा चालविणें, दारूच्या पाशांतून माणूस सोडविणें, दहाबारा जणांच्या लहान वर्गांत बसवून विणकराच्या पोराला चार माणसांत उभें राहून बोलावयास शिकविणें, हें मेथॉडिस्टांचें सर्वत्र काम. त्यांत नाट्य नाहीं, म्हणून तें विसरलें जातें. त्यांनीं आंत फारसें बदलावें अशी गरजच नव्हती. उपदेश ऐकण्यासाठीं बांधलेलें घर उपदेश ऐकणाऱ्यांसच मिळालें होतें. बदलली ती भाषा, आणि गाणें मोठ्या आवाजांत होऊं लागलें.

१८८१ च्या मार्चांत सेंट पीटर्सबर्ग येथें झार दुसरा अलेक्झांडर ह्याचा बाँबनें वध झाला. त्याचें खापर यहुद्यांवर फोडण्यांत येऊन दक्षिण रशियांत दंगे उसळले. पुढल्या सालीं निघालेल्या कायद्यांनीं खेड्यांत वस्ती करणें आणि जमीन धरणें त्यांना अशक्य केलें. त्यापुढील तीस वर्षांत लक्षावधि यहुदी पश्चिमेकडे निघाले. बहुतेक अमेरिकेस गेले. सव्वा ते दीड लाख इंग्लंडांत राहिले, आणि त्यांतले बहुसंख्य बंदरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, व्हाइटचॅपेल आणि स्पिटलफील्ड्स येथें. शिंपीकाम, जोडे आणि लांकडी सामान हे त्यांचे धंदे. एका खोलींत शिवणयंत्रें, इस्त्रीची शेगडी आणि आठदहा माणसें. सकाळपासून रात्रीपर्यंत काम. ह्या घामाच्या कारखान्यांची चौकशी करण्यास १८८८ सालीं लॉर्डांच्या सभेस कमिटी नेमावी लागली. रस्त्यामागून रस्ता यिद्दिश बोलूं लागला. मेथॉडिस्ट कुटुंबें एकेक करून बाहेर पडलीं. १८९७-९८ च्या सुमारास चॅपल विकायला निघालें तेव्हां त्याला गिऱ्हाईक शोधण्यासाठीं दूर जावें लागलें नाहीं.

येथें वाचक विचारील कीं लंडनांत पूर्वीपासूनचीं सिनेगॉग नव्हतीं काय? होतीं, आणि तीं भव्यहि होतीं. ह्या नव्या घराची खरी कथा तेथेंच आहे. इंग्लंडांतला जुना यहुदी समाज तोंवर चांगला स्थिरावला होता. लायनेल द रॉथ्सचाइल्ड १८५८ सालींच पार्लमेंटांत बसला होता. मुख्य रब्बी हर्मान आड्लर हे १८९१ सालीं आपल्या वडिलांच्या जागीं आले. ते इंग्रज बिशपासारखा पोशाख करीत आणि इंग्रज धर्माधिकाऱ्यांच्या धर्तीची पदवी लावीत. उपासना टापटिपीची, प्रवचन इंग्रजींत, बसण्याच्या जागा पैसे देणाऱ्यांच्या. लिथुआनियाच्या खेड्यांतून आलेल्या शिंप्याला अशा ठिकाणीं आपण चुकून चर्चमध्यें आलों असें वाटे. त्याला हवी होती लहानशी, गर्दीची, अघळपघळ जागा, जेथें जोडीदाराच्या खांद्यावर डोलत प्रार्थना करतां येईल आणि प्रार्थना झाल्यावर तालमूदच्या एका ओळीवर दोन तास वाद घालतां येईल.

ह्या असंतोषास तोंड फुटलें तें मांसाच्या प्रश्नावर. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें जनावर कसें मारावें, त्याचें आंतडें-फुप्फुस कसें तपासावें, कोणती शीर काढून टाकावी, ह्याचे बारीक नियम आहेत. त्यांत उणें पडलें तर मांस निषिद्ध. लंडनांत ही व्यवस्था मुख्य रब्बींच्या अधिकाराखालीं एक मंडळ पाहत असे. रशियाकडून आलेल्या कर्मठांचें म्हणणें पडलें कीं ह्या मंडळाची देखरेख ढिली आहे. त्यांनीं १८९१ च्या सुमारास ‘माख्झिके हदाथ’, म्हणजे ‘धर्माचे आधारस्तंभ’, अशा अर्थाचें नांव घेऊन आपली वेगळी मंडळी केली, हेल्सिंगफोर्सहून अब्बा वेर्नर नांवाच्या विद्वान रब्बींस आणलें, आणि आपले खाटीक वेगळे नेमले. मुख्य रब्बींनीं उलट हुकूम सोडला कीं ह्या बंडखोरांनीं मारलेलें मांसच अभक्ष्य आहे. एकाच रस्त्यावर दोन दुकानें, दोन्ही शुद्धतेचा दावा करणारीं, आणि प्रत्येकाच्या मतें दुसऱ्याचें मांस विटाळलेलें! सोंवळ्या-ओंवळ्याचे तंटे ज्यांनीं आपल्या आळींत पाहिले आहेत त्यांना ह्याचें भाष्य करून सांगण्याची जरूर नाहीं.

परंतु ह्या तंट्यास केवळ हट्ट म्हणून उडवून लावणें योग्य होणार नाहीं. मांसावर जो लहानसा आकार बसे त्याच्या उत्पन्नावर समाजाचीं धर्मादाय कामें चालत. म्हणून जुन्या मंडळींच्या दृष्टीनें हे नवे लोक गोरगरिबांच्या पेटींतच हात घालीत होते. उलट नव्यांचें म्हणणें असें कीं आम्ही घरदार, गांव, आईबापांच्या कबरी सोडून आलों तें ज्या नियमांसाठीं, तेच येथें येऊन सैल करावयाचे असतील तर मग आम्ही वांचविलें काय? आमच्या मतें दोघांच्याहि बाजूस सत्य होतें, आणि म्हणूनच तंटा इतका कडू झाला. विशेष ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं ह्या मंडळीस भीति ख्रिस्ती शेजाऱ्याची वाटत नव्हती. भीति होती ती आपल्याच सुधारलेल्या भाऊबंदांची.

ह्या बंडखोरांनीं मेथॉडिस्टांचें चॅपल घेऊन तेथें ‘स्पिटलफील्ड्स ग्रेट सिनेगॉग’ थाटलें. जें ख्रिस्ती उपासनेचें स्थान होतें तेथें यहुद्यानें प्रार्थना करावी कीं काय, ह्या प्रश्नावर रब्बींत जुना मतभेद आहे. पण जेथें मूर्ति कधीं नव्हती तेथें ही अडचण बरीच हलकी होते. काल्व्हिनच्या उघड्या भिंती येथें उपयोगीं पडल्या. सज्जे तर जणूं यहुद्यांसाठींच बांधले होते. कारण कर्मठ सिनेगॉगांत बायका पुरुषांपासून वेगळ्या बसतात, आणि त्यांची जागा बहुधा वरच असते. व्यासपीठ गेलें, त्याऐवजीं मध्यभागीं तोराच्या वाचनाचा चौथरा आणि तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचें पवित्र कपाट, ज्याला आपल्याकडील बेने इस्राएल ‘हेखाल’ म्हणतात, तें आलें. शेजारच्या इमारतींत मुलांची तालमूद तोरा शाळा भरूं लागली. दिवसा सरकारी शाळेंत इंग्रजी शिकून आलेलीं पोरें संध्याकाळीं येथें हिब्रू घोकीत.

ज्यांना धर्मच नको होता असेहि लोक ह्याच गल्ल्यांत होते. रशियांतून आलेल्या तरुणांत समाजवादी आणि अराज्यवादी पुष्कळ. त्यांच्या दृष्टीनें रब्बी आणि झार एकाच माळेचे मणी. वर्षांतला सर्वांत कडक उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस जो किप्पूर, ज्याला बेने इस्राएल ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, त्या दिवशीं मुद्दाम खाणेंपिणें आणि नाचगाणें करण्याची त्यांनीं प्रथा पाडली. १९०४ च्या सप्टेंबरांत किप्पूरच्या दिवशीं स्पिटलफील्ड्समध्यें ह्या दोन पक्षांची रस्त्यांत मारामारी जुंपून पोलिसांस मध्यें पडावें लागलें. इंग्रज वाचकांस तो परक्यांचा दंगा वाटला असेल. वस्तुतः तें एकाच घरांतील बाप आणि मुलगा ह्यांचें भांडण होतें.

१९०५ सालीं दोन गोष्टी घडल्या. कर्जाखालीं वांकलेल्या माख्झिके हदाथनें मुख्य रब्बींच्या पक्षाशीं तडजोड केली. स्वतःचा रब्बी आणि स्वतःची शिस्त राखून ती इतर सिनेगॉगांच्या संघांत सामील झाली. आणि त्याच सालीं पार्लमेंटानें ‘एलियन्स ॲक्ट’ करून इंग्लंडच्या किनाऱ्यावर निर्धन परदेशीयांस अडविण्याची सोय केली. दोहोंचा एकमेकांशीं कार्यकारणसंबंध होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण बाहेरचें दार लागूं लागलें कीं घरांतील माणसें भांडणें आवरतीं घेतात, हें मात्र खरें.

रब्बी वेर्नर १९१२ सालीं वारले. त्यांच्यामागें ह्या सिनेगॉगला जो रब्बी लाभला तो महायुद्धाच्या अपघातानें. अब्राहम आयझाक कूक हे पॅलेस्टाइनमध्यें याफा येथें रब्बी होते. १९१४ सालीं एका परिषदेसाठीं युरोपांत आले आणि युद्ध सुरू होऊन अडकून पडले. कांहीं काळ स्वित्झर्लंडांत काढून १९१६ सालीं ते लंडनास आले आणि १९१९ पर्यंत माख्झिके हदाथचे रब्बी होते. १९१७ सालीं बॅल्फोरचें जाहीर पत्र निघालें तेव्हां कूक ब्रिक लेनवरच्या आपल्या लोकांत होते, आणि त्यांनीं त्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. पुढें १९२१ सालीं ते पॅलेस्टाइनचे पहिले अश्कनाझी मुख्य रब्बी झाले. त्यांच्या विचारांवरून इस्राएलमध्यें आजहि वाद चालतात. ज्या व्यासपीठाच्या जागीं एकदा फ्रे ह्यानें यहुद्यांचें राष्ट्र ख्रिस्ताकडे वळावें म्हणून उपदेश केला, तेथें शंभर वर्षांनीं हा पुरुष तें राष्ट्र आपल्या भूमीकडे वळावें म्हणून बोलत होता.

त्यापुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे, कारण ती आम्हीं एकदां सांगितलेलीच आहे. मुलें सरकारी शाळांतून शिकलीं. यिद्दिश आजीपुरती उरली. शिंप्याचा मुलगा दुकानदार झाला, दुकानदाराचा मुलगा वकील किंवा डॉक्टर झाला, आणि घरें हॅकनी, स्टॅमफर्ड हिल, गोल्डर्स ग्रीन अशा मोकळ्या वस्त्यांकडे सरकत गेलीं. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानें पूर्व लंडन उद्ध्वस्त झालें. १९४१ च्या मे महिन्यांत ड्यूक्स प्लेसवरचें, जुन्या सुखवस्तु यहुद्यांचें भव्य सिनेगॉग जळून गेलें. ब्रिक लेनचें मेथॉडिस्टांचें जुनें चॅपल उभें राहिलें, पण माणसें परत आलीं नाहींत. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील प्रार्थना बंद पडली. मंडळी मात्र मोडली नाहीं. गोल्डर्स ग्रीन येथें माख्झिके हदाथ आजहि त्याच नांवानें नांदत आहे. ह्यूगेनोंना जें साधलें नाहीं तें ह्यांना साधलें, आणि त्याचें श्रेय आम्ही त्या मांसाच्या तंट्यास देतों. ज्यांनीं आपल्याच लोकांशीं चौदा वर्षें भांडून आपल्या सीमा आंखून घेतल्या, त्यांना नवीन वस्तींतहि त्या कोठें आहेत हें ठाऊक होतें.

१९७६ सालीं ही वास्तु जामे मशीद म्हणून उघडली. सिल्हेट भागांतले खलाशी इंग्रज जहाजांवरून लंडनास पूर्वींपासून येत; महायुद्धानंतर आणि विशेषतः बांगलादेशच्या जन्माच्या आसपास त्यांचीं कुटुंबें स्पिटलफील्ड्समध्यें स्थायिक झालीं. काम तेंच: शिवणयंत्र. फक्त रेशमाच्या जागीं लोकर आणि लोकरीच्या जागीं कातडें आलें. द्वेषहि तोच होता. १९७८ च्या मे महिन्यांत अल्ताब अली नांवाच्या तरुण बंगाली शिंपीकामगाराचा ह्या वस्तीजवळ खून झाला, आणि त्याच्या शवपेटीमागून हजारों लोक चालत गेले.

सिनेगॉगची मशीद झाली ह्याचें आश्चर्य कोणास वाटत असेल तर त्यानें मुंबईकडे पाहावें. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर ह्यांनीं १७९६ सालीं मांडवी भागांत बेने इस्राएलांचें पहिलें सिनेगॉग बांधलें. त्या लोकांत सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि जवळच्या मशीद स्टेशनाचें नांव ह्या जुन्या ‘मशिदी’वरून पडलें असें सांगतात. लंडनमध्येंहि अंतर फार नव्हतें. तेथून यरुशलेम आणि मक्का हीं दोन्ही आग्नेयेच्या बाजूस येतात. दोन दिशांत पांच-सहा अंशांचाच फरक. तेव्हां यहुद्यानें ज्या बाजूस तोंड करावयाचें तिकडून मुसलमानास फारसें वळावें लागत नाहीं.

२००९ सालीं मशिदीच्या कोपऱ्यावर सुमारें एकोणतीस मीटर उंचीचा पोलादी मनोरा उभारण्यांत आला. तो पदपथावर, वास्तूपासून सुटा उभा आहे, कारण वास्तु स्वतः कायद्यानें संरक्षित आहे. त्याच्या टोकास चंद्रकोर आहे. छायायंत्र फूर्निए स्ट्रीटकडच्या भिंतीवर आहे तेथेंच आहे. त्याला ना यहुद्यांनीं हात लाविला, ना मुसलमानांनीं.